घासकामाच्या बाजूने

"दागिने चांगले आहेत, पण ते माकणीचे वाटत नाहीत." शहरातल्या एका प्रदर्शनाच्या निवडीच्या वेळी माझ्या चांदीच्या कामाबद्दल हे वाक्य ऐकायला मिळालं. सोबत सल्लाही होता : घासणं जरा कमी करा, काठ थोडे कच्चे राहू द्या, बोटांचे ठसे दिसू द्या, गिऱ्हाइकाला गावाकडचा हात जाणवला पाहिजे. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माझा माल खपावा अशीच त्यांची इच्छा होती. पण त्या सल्ल्यामागचं मत आता एकट्यादुकट्याचं राहिलेलं नाही. हस्तकलेच्या बाजारात, कार्यशाळांत, दागिन्यांच्या जाहिरातींत ते सर्रास मांडलं जातं आणि ऐकणारे माना डोलावतात. मला ते मुळातच चुकीचं वाटतं, आणि त्यात माझ्यासारख्या खेड्यात बसून काम करणाऱ्या प्रत्येकीचा अपमानही आहे.

मत थोडक्यात असं : गुळगुळीतपणा यंत्राचा, खरखरीतपणा हाताचा. यंत्राचं काम एकसारखं निघतं, म्हणून हाताच्या कामात थोडं वाकडंतिकडं, थोडं अर्धवट असलं की ते अस्सल. आणि हात खेड्यातला असेल तर अर्धवटपणा जरा जास्तच शोभतो. म्हणजे घासकाम, काठ मारणं, झिलई देणं ही सगळी वरवरची सजावट. ती जितकी कमी तितकी वस्तू खरी.

आता 'माकणीचं' म्हणजे काय ते पाहू. माझं गाव, लोहारा तालुक्यातलं माकणी, लोकांना माहीत आहे ते निम्न तेरणा धरणामुळे. सोनारकामाची मोठी पेठ इथे नाही. जोडवी-पैंजण घ्यायचे तर लोहारा नाहीतर उमरगा गाठायचं, लग्नाची मोठी खरेदी असेल तर लातूर किंवा सोलापूर. मी ज्या मालात काम करते तो तर कुठल्या कुठे जन्मलेला. बाजारात सिल्व्हर क्ले या नावाने मिळणारी चांदीची माती जपानमध्ये तयार झाली. मित्सुबिशी मटेरियल्स कंपनीत मासाकी मोरिकावा यांनी १९९० च्या सुमारास ती घडवली, आणि पुढच्या काही वर्षांत आइदा केमिकल इंडस्ट्रीज या दुसऱ्या जपानी कंपनीनेही आपली माती बाजारात आणली. चांदीची अतिशय बारीक भुकटी, ती धरून ठेवणारा सेंद्रिय चिकट पदार्थ आणि पाणी, एवढ्याच तीन गोष्टी. ही माती लाटता येते, साच्यात दाबता येते, सुईने कोरता येते. वाळवून भट्टीत घातली की चिकट पदार्थ जळून जातो आणि चांदीचे कण एकमेकांना धरतात. चांदी वितळायला ९६१ अंशांच्या वर जावं लागतं. भट्टी त्याच्या खालीच ठेवायची असते. कण वितळत नाहीत, एकमेकांना जिथे टेकलेले असतात तिथे जुळत जातात. त्या जुळण्यात दागिना आकसतो. सुरुवातीच्या मातीत हे आकसणं पाव हिश्शाहून जास्त होतं, आता मिळणाऱ्या बऱ्याच प्रकारांत ते दहा टक्क्यांच्या आसपास असतं.

हे तपशिलात सांगते, कारण वादाचं निम्मं उत्तर या मालाच्या स्वभावातच आहे. भट्टीतून निघालेला तुकडा पांढराफटक असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, वर काहीतरी थर बसलाय, तो काढायचा. थर कसलाच नसतो, आहे ती शुद्ध चांदीच. पृष्ठभागावरचे कण उंचसखल असतात, उजेड त्यांच्यावर पडून चहूकडे फाकतो, म्हणून चांदी पांढरी दिसते. पितळी तारेच्या ब्रशने, साबणाच्या पाण्यात, एकाच जागी घोळवत घासत राहिलं की कणांचे शेंडे खाली बसतात आणि मग कुठे चांदीचा रंग उघडा पडतो. तेव्हा जे म्हणतात की घासकाम ही वरची सजावट आहे, त्यांना माझं सांगणं आहे की या मालात घासल्यावाचून चांदी डोळ्यांना दिसतच नाही.

आणि खरं घासकाम भट्टीच्या आधी सुरू होतं. माती पूर्ण वाळली पाहिजे. ओल राहिलीय का हे पाहायला तुकडा थोडा कोमट करून स्टीलच्या ताटलीवर किंवा आरशावर ठेवायचा. उचलल्यावर खाली वाफेचा डाग दिसला की थांबायचं. वाळलेला कच्चा तुकडा पापडाइतका नाजूक असतो. त्याला बोटांत पकडून चालत नाही, रबराच्या ठोकळ्यावर टेकवून धरावा लागतो. मग बारीक कानशीने काठावर उरलेली पातळ कड, म्हणजे फोक, काढायची, साच्याच्या जोडाची रेघ घालवायची, भोकाच्या आतली धार मारायची, आणि स्पंजसारख्या लवचीक घासपट्टीने आधी ४०० नंबर, मग ६००, मग हजाराच्या पुढे जायचं. दाब इतका हलका की आपण घासतोय की पुसतोय हे बघणाऱ्याला कळू नये. या टप्प्यावर एक ओरखडा काढायला मिनिटभर लागतं. तोच ओरखडा भट्टीनंतर काढायचा तर चांदी घासावी लागते, आणि मिनिटाचा अर्धा तास होतो. कच्च्या कामात जे राहिलं ते भट्टी पक्कं करते. चूकही चांदीची होऊन बसते.

भट्टीनंतरची शिस्त वेगळी. ओल्या पॉलिश पेपरने, पाण्याखाली, पुन्हा ४०० पासून ६००, ८००, १२००, २००० अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीला घासण्याची दिशा बदलायची : आधी उभं घासलं असेल तर आता आडवं. मागच्या पेपरच्या रेघा एकही उरल्या नाहीत असं दिसलं की मगच पुढचा पेपर हातात घ्यायचा. एक पायरी चुकवली तर शेवटच्या झिलईत ती उघडी पडते, कारण झिलई ओरखडा लपवत नाही, ती त्यालाही चकाकवते. सगळ्यांत शेवटी अकीकाच्या किंवा गुळगुळीत पोलादाच्या घोटणीने काठ घोटायचा. घोटण्यात चांदी झिजत नाही, दबते. मातीतून झालेल्या चांदीत कणांच्या मध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात. ठोकून काढलेल्या पत्र्याइतकी ती घट्ट नसते. घोटल्याने निदान वरची कातडी दाबली जाते, पोकळ्यांची तोंडं बंद होतात, काठाला कणखरपणा येतो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या हंड्या-घंगाळांवर हातोडीच्या ठोक्यांचं मठारकाम चालतं त्याचंही हेच तत्त्व आहे. ते ठोके शोभेपुरते नसतात. एकेक ठोका तांब्याला बळकट करत जातो, आणि ती चमक त्या बळकटीतूनच येते.

आता "हात कुठे दिसतो" या प्रश्नाकडे येऊ. चांदीच्या मातीवर पारंपरिक सोनारांचा एक आक्षेप असतो की हे पोरखेळाचं काम आहे, लाटली, छाप मारला, भाजली, झाला दागिना. आक्षेपात तथ्य आहे. आकार देणं या मालात खरोखरच सोपं आहे. पिंपळाच्या पानाचा छाप घेऊन पदक करायला कोणालाही एका दुपारी शिकवता येतं. तार ओढणं, पत्रा कापणं, डाग लावणं यांतली वर्षांची तालीम इथे लागत नाही. पण म्हणूनच कस दुसरीकडे लागतो. एकाच साच्यातून दोघींनी काढलेली दोन पदकं शेजारी ठेवा. आकार दोन्हींचा तोच, नक्षी तीच. फरक पडतो तो काठात, पाठीत, कडीच्या भोकात. म्हणजे या दागिन्यात बाईचा स्वतःचा हात दिसण्याची जागा घासकामच आहे. ते कमी करा असं सांगणारे माझा हात पुसायला सांगत आहेत, आणि साच्याचा छाप तेवढा ठेवायला.

खेड्यातलं काम ओबडधोबड असायचंच, या समजाला उत्तर द्यायला मला लांब जावं लागत नाही. माकणीचं धरण ज्या नदीवर आहे त्याच तेरणेच्या काठी, वरच्या अंगाला, तेर आहे. सातवाहनकाळातलं तगर ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नाविक मार्गदर्शिकेत तगर आणि पैठण या दोन्ही नगरांची नावं आहेत. तगरहून कापड आणि पैठणहून गोमेदासारखे दगड गाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जात. तेरच्या पांढरीत सापडलेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केल्या, आणि आज त्या तिथल्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहेत. ज्यांना आमच्या भागाचा हात कसा असतो हे जाणून घ्यायचं आहे त्यांनी एकदा तिथे जावं. मणी बघावेत : दगडाचे, शंखाचे, काचेचे. दगडाच्या मण्याला तासावं लागतं, घासावं लागतं, भोक पाडावं लागतं आणि झिलई द्यावी लागते. दोन हजार वर्षं मातीत राहूनही ती झिलई टिकून आहे. केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती बघाव्यात. त्या दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत, पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, आतून पोकळ. साच्यातून काढलेल्या कुठल्याही वस्तूला जोडाची रेघ येतेच. ती खरवडून, ओल्या बोटाने सारवून घालवल्याशिवाय केसांची रचना आणि कानांतले दागिने इतके नेटके दिसले नसते. आणि हस्तिदंताची ती प्रसिद्ध स्त्रीमूर्ती बघावी, जिचं साम्य अभ्यासकांनी थेट इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी दाखवलं आहे. हस्तिदंत खरवडून आणि घोटूनच उजळतो. ज्या कामाची ओळख समुद्रापलीकडे पटते, ते ज्या नदीकाठी झालं त्याच नदीकाठी बसून मी काठ गुळगुळीत केला तर तो "माकणीचा वाटत नाही"? इथल्या हाताचा इतिहास असं सांगत नाही. असं सांगतो तो शहरातल्या विक्रीचा अंदाज.

तेरणा पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा बीदरच्या मुलखात शिरते. बीदरचं बिद्रीकाम तर या वादातला माझा सगळ्यांत मोठा साक्षीदार आहे. जस्त जास्त आणि तांबं थोडं अशा मिश्रधातूचं भांडं साच्यात ओततात. ते निघतं तेव्हा करडं आणि खडबडीत असतं. पहिलं काम घासण्याचं : कानस, मग पेपर, पृष्ठभाग सपाट होईपर्यंत. मग मोरचुदाच्या पाण्याने त्याला तात्पुरतं काळं करतात, अशासाठी की त्यावर ओढलेली नक्षीची रेघ उठून दिसावी. छिन्नीने खाचा पाडतात, खाचांत चांदीची तार आणि पत्रा ठोकून बसवतात. त्यानंतर पुन्हा घासकाम. आधीचा काळा रंग जातो, चांदी आणि जस्त एकाच पातळीवर येतात, बोट फिरवलं तर जोड कुठे आहे हे कळू नये इतके. या टप्प्यावर भांडं एकरंगी, फिक्कं दिसतं. एवढी मेहनत केलेली नक्षी जवळजवळ नाहीशी होते. शेवटी भांडं जरा गरम करून बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळतात. मिश्रधातू कायमचा काळा होतो, चांदीला काहीही होत नाही, आणि नक्षी एकदम उजळून वर येते. मग तेलाचा हात. आता सांगा, यातलं घासकाम कमी केलं तर काय उरेल? खाचेतून वर आलेली तार, कपड्याला अडकणारी, आणि डागाळलेला काळा. बिद्रीचं सारं सौंदर्य शेवटच्या हातावर उभं आहे. ते भांडं हाताने केलेलं नाही असं म्हणायला अजून कोणी धजावलेलं नाही.

या मताचे काही समर्थक जपानचा आधार घेतात. वाबी-साबी हा शब्द आता आपल्याकडच्या कार्यशाळांतही ऐकू येतो. अपूर्णतेत सौंदर्य पाहणं, असा त्याचा अर्थ सांगितला जातो आणि खरखरीत काठ त्या शब्दाखाली खपवला जातो. ज्या परंपरेतून तो विचार आला तिच्याकडे नीट पाहिलं तर हा आधार टिकत नाही. चहाचा राकू वाडगा वाकडा असेल, त्याचा रंग कुठे गडद कुठे फिका असेल, पण जिथे ओठ टेकतात तो काठ जपलेला असतो आणि बुडाची कड कापून नीट केलेली असते. त्याच देशात तलवार घडवणारा वेगळा आणि तिला झिलई देणारा वेगळा. तोगिशी म्हणतात त्याला, आणि ते शिकायला वर्षानुवर्षं लागतात. जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत एकामागून एक दगड वापरत तो जातो, आणि शेवटी बोटाच्या पेराखाली धरलेल्या पातळ चकतीने पोलादातला पोत वर आणतो. तलवार घडवणाऱ्याने काय केलं आहे हे झिलई देणाऱ्याच्या हाताशिवाय दिसतच नाही. जपानने चांदीची माती दिली, आणि तिच्यासोबत घासण्याची ही निष्ठाही दिली. आपण माती घेतली आणि निष्ठेऐवजी एक सोयीचा शब्द उचलला.

दागिना अंगावर घालायचा असतो, या साध्या गोष्टीचाही या चर्चेत विसर पडतो. भिंतीवरचं चित्र खरखरीत असलं तर कोणाला टोचत नाही. जोडवं दोन बोटांच्या मध्ये दिवसभर घासतं. बुगडी कानाच्या वरच्या कडेवर असते, तिथली कातडी किती पातळ. पैंजण नेसत्या लुगड्याच्या काठाशी दर पावलाला भिडतो. आमच्या भागातल्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांची घुगरी-टोपली गालांवर लोंबते; जड चांदी, घुंगरं, पण गालाला लागेल अशी धार तिला नसते, कारण घालणारी ती सहन करणार नाही. माझ्या कामाची सगळ्यांत कडक परीक्षा इथल्याच बायका घेतात. शेजारच्या एक मावशी अंगठी हातात घेतली की आधी बघत नाहीत. ती पदरावरून उलटसुलट फिरवतात. एकदा धागा जरासा ओढला गेला आणि त्या म्हणाल्या, "पोरी, पदर धरतंय की हे. ज्वारी काढताना बोट सुजलं तर काढू कशी?" त्यांना वाबी-साबी कोणी सांगितलेलं नाही, आणि त्यांना अंगठी यंत्राची वाटते की हाताची याच्याशीही कर्तव्य नाही. राबणाऱ्या हातात वस्तू कशी राहील एवढं त्या बघतात. गावाकडचा हात हवा असेल तर गावाकडच्या बायका दागिन्याकडून काय मागतात ते आधी विचारायला हवं. त्या नितळ काठ मागतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर माझं म्हणणं भलतीकडे जाईल. मी चकाकीची वकिली करत नाही. घासकाम आणि चकाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पितळी ब्रशवर थांबून मऊ, मंद पोत ठेवता येतो. गंधकाच्या पाण्याने नक्षीच्या खोलगट भागात काळेपणा आणून फक्त उंच भाग उजळता येतो. पानाच्या शिरा, कापडाची वीण, बोटाचा ठसासुद्धा मुद्दाम ठेवता येतो. आणि घासण्याचा अतिरेकही होतो : नक्षीच्या कडा बोथट होतात, शिरा पुसल्या जातात, दागिना साबणाच्या वडीसारखा होऊन बसतो. ते मला ओरखड्याइतकंच खुपतं. प्रश्न असा आहे की जे ठेवलं ते ठरवून ठेवलं का. ठरवून ठेवलेला ठसा पुढून दिसतो आणि त्याच दागिन्याची पाठ, काठ आणि कडी स्वच्छ असतात. जिथे पुढे ठसा, मागे फोक आणि भोकात धार, तिथे वेळ वाचवलेला असतो. त्याला सौंदर्याचं नाव देऊ नये.

दुसऱ्या बाजूने येणारा युक्तिवाद आहे तो यंत्रवाल्यांचा. त्यांचं म्हणणं, एवढं हाताने घासताच कशाला, फिरत्या पिंपात पोलादी गोळ्या आणि साबणपाणी घाला, दागिने टाका, दोन-तीन तासांत लखलखीत होऊन येतील. ते पिंप मलाही मान्य आहे. घोटण्याचं काम ते उत्तम करतं आणि शुद्ध चांदीला थोडी कणखरही करतं. पण त्याची मर्यादा लक्षात घ्या. गोळ्या धातू काढत नाहीत, नुसता दाबतात. आधीचा ओरखडा जिथे होता तिथेच राहतो, फक्त चमकू लागतो. पिंप म्हणजे परदेशी नवलाई असंही समजायचं कारण नाही. खंभातच्या अकीक कारागिरांबद्दलच्या जुन्या वर्णनांत हेच तंत्र आहे : चामड्याच्या मजबूत पिशवीत मणी, कुरुंदाची भुकटी आणि अकीकाची धूळ घालून, पाण्याने ओलसर ठेवून, दोघे जण ती पिशवी समोरासमोर बसून लोळवत राहत, दहा-पंधरा दिवस. पण त्याआधी प्रत्येक मणी सहाणेवर हाताने घासलेला असे. क्रम तेव्हाही हाच होता, आजही हाच आहे. यंत्र शेवटची पायरी झटपट चढवतं, मधल्या पायऱ्या तिथल्या तिथेच राहतात.

खंभातचं नाव निघालं तर तिथल्या दुसऱ्या गोष्टीबद्दलही बोललं पाहिजे. अकीक घासणाऱ्या कामगारांच्या छातीत सिलिकाची धूळ बसते आणि सिलिकोसिसने त्यांचे जीव गेले आहेत, जात आहेत. त्या रोगाला उलटवणारा उपचार नाही. जगभर विकल्या जाणाऱ्या नितळ मण्यांची ही किंमत घासणाऱ्यांनी मोजली, आणि त्यांची नावं कुठल्याही दागिन्यावर नाहीत. घासकामाला हलकं काम मानलं की त्याची धूळही कोणी मोजत नाही, हा त्या मताचा सगळ्यांत वाईट परिणाम आहे. चांदीच्या मातीत सिलिकाचा तो धोका नाही, तरी वाळल्या तुकड्याच्या कानसणीत धातूची अतिबारीक भुकटी उडते, आणि तांब्या-ब्राँझच्या मातीत तर ती आणखी त्रासदायक. म्हणून कच्चं घासताना तोंडावर चांगला मास्क, खाली कागद, पंखा बंद. भाजलेलं घासताना पाणी. शिकवणाऱ्यांनी नक्षीच्या आधी हे शिकवावं. कागदावर जमलेली कच्ची भुकटी वायाही जात नाही. ती डबीत साठवायची, पाण्याचे थेंब घालून पुन्हा मळायची, सांधे भरायला लेप होतो. सोनारांच्या दुकानातला झाडलेला केर धुऊन त्यातून सोन्या-चांदीचे कण काढणारे झारेकरी महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या याच कणांवर जगले.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे. पेढीवर चांदी वजनावर विकली जाते. वजनावर विकणाऱ्याला काठ घासणं म्हणजे घट. घडणावळ लावली जाते ती नक्षीची, आणि मोड घालायला गेलं की तीही गळून पुन्हा वजनच उरतं. घासाई कुठल्याच रकान्यात नसते. हॉलमार्क आहे, पण तो शुद्धतेचा. काठ टोचतो की नाही हे तो सांगत नाही. हस्तकलेच्या प्रदर्शनांनी या जुन्या व्यवहाराला पर्याय द्यायला हवा होता. त्यांनी उलटं केलं : ज्या कामाला पैसे मिळत नव्हते ते काम न करणं हाच गुण ठरवला. चांदीच्या मातीचा भाव साध्या चांदीच्या भावाच्या कितीतरी वर असतो, भट्टीची वीज वेगळी. इतका महाग माल घेतल्यावर कमी करता येण्यासारखे उरतात ते फक्त बाईचे तास. "काठ कच्चे राहू द्या" या सल्ल्याने ते तास कमी होतात, वस्तूची किंमत तीच राहते आणि फरक मधल्यांच्या पदरात जातो. शहरातल्या स्टुडिओत काम करणाऱ्या कलावंताला कोणी असा सल्ला देत नाही. त्याच्या गुळगुळीत काठाला प्रावीण्य म्हणतात. माझ्या काठाला म्हणतात, माकणीचा वाटत नाही.

मी घासणं कमी करणार नाही. उलट बिलावर आता घासाईचा वेगळा रकाना घालते : माती किती, भट्टी किती, घडण किती, घासाई किती. पहिल्यांदा पाहणारे थबकतात, विचारतात, हा कसला आकार. मग मी त्यांना दागिना उलटा करून देते आणि अंगठा पाठीवरून, काठावरून, कडीच्या भोकातून फिरवायला सांगते. ज्यांना प्रदर्शनांसाठी माल निवडायचा आहे त्यांनीही निवड इथून सुरू करावी, आणि गाव विचारायचंच असेल तर ते यानंतर विचारावं.